यादी बाजूला ठेवा, आधी गोष्ट सांगा

पत्र: पंचवटीतल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवते. यंदा शाळेने पूरक वाचनाला ग्रीक पुराणकथांचं एक पुस्तक लावलंय. सोबत चाळीस शब्दांची यादी आहे: पॅनिक, एको, नेमेसिस, टॅन्टलाइझ, हर्क्युलियन वगैरे. मुलं यादी पाठ करतात, चाचणीत जोड्या लावतात आणि आठवड्याभरात सगळं विसरतात. नावं तर त्यांच्या तोंडात बसतच नाहीत. ‘पेनेलोप’, ‘पर्सेफोन’, ‘पिसायचे’ असं काहीही वाचतात आणि वर्ग खिदळतो. त्यात पालकसभेत एका वडिलांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘मॅडम, आपलं रामायण-महाभारत सोडून हे परक्यांचे देव कशाला?’ मला तिथल्या तिथे काही सुचलं नाही. शिवाय काही गोष्टी अशा आहेत की वर्गात वाचताना मलाच अवघडल्यासारखं होतं. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं. काय करू?
— एक शिक्षिका, पंचवटी

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी त्या यादीचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. यादीत शब्द आणि त्यासमोर अर्थ असणार. ‘नेमेसिस’समोर ‘केल्या कर्माची शिक्षा देणारी शक्ती’ की असंच काहीतरी. मुलाला त्यात ना कर्म दिसतं, ना शिक्षा. मग ते बिचारं पाठ करतं. पाठांतराला माझी ना नाही, पाढे आपण सगळे घोकूनच शिकलो. पण पाढा रोज लागतो. नेमेसिस आठवीतल्या मुलाला कधी लागणार? वापरायची वेळच आली नाही तर शब्द उडून जाणारच, त्यात मुलांचा काय दोष?

तेव्हा पहिलं काम म्हणजे चाळीस गोष्टींचा नाद सोडा. वर्षभरात सात-आठ गोष्टी सांगा, पण मन लावून सांगा. आणि क्रम उलटा करा. फळ्यावर आधी शब्द लिहून ‘आज आपण याची गोष्ट पाहू’ असं म्हणू नका. गोष्ट सांगत सांगत अशा जागी आणून थांबवा की त्या अवस्थेला काहीतरी नाव हवं असं मुलांनाच वाटेल. मग खडू हातात घ्या.

टॅन्टलसचं उदाहरण घ्या. हा राजा देवांच्या पंगतीला बसायचा, एवढा त्याचा मान. त्याने देवांचं अन्न चोरून माणसांना दिलं, असं एका कथेत येतं. दुसऱ्या कथेतला त्याचा गुन्हा फार भयंकर आहे, तो आठवीत नको. शिक्षा मात्र ग्रीक कवी होमरने ओडिसी या महाकाव्यात जशी सांगितली आहे तशी सांगा. तळ्यात हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे, घसा कोरडा पडलाय. प्यायला वाकला की पाणी जमिनीत जिरतं, पायाखाली नुसती काळी माती उरते. डोक्यावर फांद्या लगडलेल्या: नासपती, डाळिंब, सफरचंद, अंजीर, ऑलिव्ह. हात वर केला की वारा येतो आणि फांद्या ढगांकडे उडवून नेतो. परत पाणी चढतं, परत फांद्या खाली येतात. असं कायमचं.

इथे थांबा. (होमरच्या तळ्याकाठी द्राक्षं नाहीत, हे नाशिकच्या वर्गात कुणीतरी विचारणारच. डाळिंब आहे एवढं सांगा, म्हणजे सटाण्याकडची मुलं तरी खूश.) मग विचारा, ‘तुमचं असं कधी होतं?’ साठ मुलांच्या वर्गात निफाड-पिंपळगावकडून आलेला एखादा असतोच. निर्यातीच्या मालाचे क्रेट दारासमोरून जातात आणि एका मण्याला हात लावू देत नाहीत, हे तो सांगेल. कुणी म्हणेल, उपासाच्या दिवशी शेजारच्या मिसळीचा वास. कुणी म्हणेल, परीक्षेच्या काळात कपाटात कुलपात ठेवलेला मोबाइल. मग फळ्यावर लिहा: टॅन्टलायझिंग. आणि प्रत्येकाने आपल्याच उदाहरणाचं एक इंग्रजी वाक्य करायचं. अर्थ सांगायची गरज उरणार नाही.

जमलं तर विज्ञानाच्या सरांनाही यात ओढा. 1802 साली एकेबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने एक नवं मूलद्रव्य शोधलं. त्याचं संयुग आम्लात बुडवलं तरी आम्ल काही शोषून घेईना. पाण्यात उभा आणि थेंब मिळत नाही, म्हणून त्याने नाव ठेवलं टॅन्टलम. पुढे त्याच्याच बरोबर सापडणाऱ्या आणखी एका मूलद्रव्याला 1844 मध्ये टॅन्टलसच्या मुलीचं, नायोबीचं नाव मिळालं: नायोबियम. टॅन्टलमचे बारीक कपॅसिटर मोबाइलमध्ये असतात. कुलपात ठेवलेल्या त्या मोबाइलच्या आतच टॅन्टलस उभा आहे हे कळल्यावर आठवीतली मुलं कशी बघतात ते तुम्ही अनुभवाच.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते इंग्रजीच्या वर्गासाठी सगळ्यात गुणाची: एको. ही वनदेवता भारी बोलघेवडी. तिने हेराला, म्हणजे देवांच्या राणीला, मुद्दाम गप्पांत गुंतवून ठेवलं. हेराच्या ते लक्षात आलं आणि तिने शाप दिला: तुला स्वतःहून एक शब्दही बोलता येणार नाही, दुसऱ्याच्या वाक्याचा शेवट तेवढा परत म्हणता येईल. पुढे एको नार्सिससच्या प्रेमात पडते आणि तिला ते सांगताच येत नाही. रोमन कवी ऑव्हिडने इथे एक नामी युक्ती केली आहे. रानात वाट चुकलेला नार्सिसस हाक मारतो, ‘इथे कुणी आहे?’ आणि झाडाआडून उत्तर येतं, ‘आहे!’ म्हणजे शाप असूनही ती बोलतेच, त्याच्याच शब्दांतून आपल्या मनातलं बोलते.

याचा खेळ करा. एक मूल एको. त्याने प्रश्नातले फक्त शेवटचे एक-दोन शब्द म्हणायचे. बाकीच्यांनी असे इंग्रजी प्रश्न रचायचे की त्या शेवटातून खरंच उत्तर निघावं. ‘इज एनीवन हिअर?’ – ‘हिअर!’ ‘शुड आय स्टे ऑर गो?’ – ‘गो!’ पहिले काही प्रश्न फसतील. ‘व्हॉट इज युअर नेम?’ विचारलं की एको म्हणणार, ‘युअर नेम?’ आणि वर्ग हसणार. हसू द्या. कारण दहा मिनिटांत मुलांच्या लक्षात येतं की इंग्रजी वाक्यात शब्द हलवता येत नाहीत, शेवटी काय ठेवायचं ते आधी ठरवून वाक्य बांधावं लागतं. मराठीत आपण ‘जाऊ का मी?’ म्हणतो, ‘मी जाऊ का?’ म्हणतो, सगळं चालतं. तिथे ते चालत नाही. वाक्यरचनेचं हे एवढं शिक्षण व्याकरणाच्या तासाला इतकं हसतखेळत होत नाही.

त्याच गोष्टीत नार्सिसस सगळ्यांना झिडकारतो. झिडकारलेल्यांपैकी एकजण आकाशाकडे हात करून म्हणतो, यालाही असंच प्रेम जडो आणि ते मिळू नये. ते गाऱ्हाणं ऐकते नेमेसिस. मग तो तळ्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळतो आणि तिथेच झुरतो. एका गोष्टीत तुमच्या यादीतले दोन शब्द आले, वर नार्सिसिस्ट हा बोनस. तो रील्समुळे मुलांना आधीच ऐकून माहीत असतो, सेल्फीवरून ते एकमेकांना तेच म्हणतात. नेमेसिस मात्र आता शिक्षा देणारी कुणी ‘शक्ती’ राहत नाही, तिला काम मिळालेलं असतं.

नावांच्या उच्चारांबद्दल. ‘पेनेलोप’ म्हणणारं मूल चुकतंय, पण अडाणीपणाने चुकत नाही. शब्दाच्या शेवटचा ‘ई’ मुका असतो, हे आपणच त्याला खालच्या वर्गात शिकवलं आहे. ‘होप’, ‘रोप’, तसंच ‘पेनेलोप’. त्याने नियम नीट लावला, फक्त ग्रीक नावांना तो नियम लागू नाही. तिथला शेवटचा ‘ई’ बोलतो: पेनेलपी, पर्सेफनी, युरिडिसी, सायकी. हे एकदा सांगितलं की खिदळणं निम्मं थांबतं. दुसरं, ‘सी-एच’चा उच्चार ‘क’: एको, केऑस, ॲकिलीज. आणि हाच नियम त्यांना आधीपासून येणाऱ्या शब्दांत आहे: केमिस्ट्री, कॅरेक्टर, कोरस, स्टमक, स्कूल. तिसरं, ‘पी-एस’ने सुरू होणाऱ्या शब्दात ‘पी’ गप्प: सायकी, सायकॉलॉजी. ‘पी-एच’ म्हणजे ‘फ’ हे तर फोटोमुळे त्यांना ठाऊकच असतं. ज्या स्पेलिंगांवर मुलं वर्षानुवर्षं अडखळतात, त्यातली बरीच ग्रीकमधून आलेली आहेत. कारण कळलं की ती चमत्कारिक वाटेनाशी होतात.

आणि नावं फळ्यावर बिनधास्त देवनागरीतही लिहा. आपली लिपी उच्चार जवळपास जसाच्या तसा सांगते, इंग्रजी स्पेलिंग सांगत नाही, तर ती सोय का सोडायची? इंग्रजीच्या तासाला मराठी नको असा दंडक तुमच्या शाळेत असेल, तरी गोष्टीचा पहिला फेरा मराठी-इंग्रजी मिसळून सांगा असं मी म्हणेन. मुलांना आधी गोष्ट तर कळू दे. दुसऱ्या फेरीला पुस्तकातलं इंग्रजी वाचा, तेव्हा अडणारे शब्द आपोआप सुटतात.

आता त्या वडिलांचा प्रश्न. त्यांच्यावर रागावू नका, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुमच्या शहरात आहे.

पांडवलेण्यांवर मुलांची सहल जातेच. पायऱ्या चढून दमली की ती माकडं आणि सेल्फी यांतच रमतात. तिथल्या 17 क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख कोरलेला आहे. लेणं खोदवून घेणाऱ्याचं नाव इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा. तो स्वतःला ‘योनक’ म्हणवतो, म्हणजे यवन, आणि उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा असल्याचं सांगतो. आईवडिलांच्या पुण्यासाठी, मुलगा धम्मरक्षित याच्यासह त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. यवन हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांवरून आलेला. नाव इंद्र आणि अग्नीचं, दान बौद्ध संघाला, आणि ओळख यवन. जवळच्याच 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने कोरून घेतलेला लेख आहे. त्यात आपल्या मुलाने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला असं ती अभिमानाने सांगते. म्हणजे एकाच डोंगरावर यवनाने दिलेलं दानही आहे आणि यवनांवरचा विजयही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही मंडळी नाशिकला अशी कुठल्या कुठे दूरची परकी नव्हती. पालकांना हे सांगा, आणि पुढच्या सहलीला मुलांना त्या दोन लेखांसमोर उभं करा.

दुसरी गोष्ट त्याच वडिलांसाठी. नाशिक हे नाव कुठून आलं असं वर्गात विचारा, पंचवटीतलं पोरगं झोपेतून उठून सांगेल: लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं. तपोवन, सीता गुंफा, रामकुंड, सगळ्या गावावर गोष्टींची नावं आहेत, ती घेतल्याशिवाय रिक्षावाल्याला पत्ताही सांगता येत नाही. इंग्रजी भाषेतही तेच झालं आहे, तिच्या शब्दांवर ग्रीक आणि रोमन गोष्टींची नावं बसली आहेत. मेंढपाळांच्या रानात अचानक घबराट पसरवणारा, बकऱ्याच्या पायांचा देव पॅन; त्यावरून पॅनिक. त्या देवांची राजरोस पूजा तर चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोशियसने बंद पाडली. तुमच्या तासाला कुणी कुणाला नवा देव देत नाही, इंग्रजी नीट कळावं एवढ्यासाठी हे चाललंय. आणि येत्या सिंहस्थाच्या निमित्ताने एक जोडून सांगा: समुद्रमंथनातलं आपलं अमृत आणि ग्रीक देवांचं अन्न ॲम्ब्रोशिया, दोन्ही शब्दांच्या पोटात ‘न मरणारं’ हाच अर्थ आहे आणि भाषाशास्त्रज्ञ दोघांना एकाच प्राचीन मुळाची फळं मानतात. वडिलांचा आवाज तिथे बहुतेक खाली येईल.

पण एक सावधगिरी बाळगा. ‘त्यांचा झ्यूस म्हणजे आपला इंद्र, त्यांचा ॲकिलीज म्हणजे आपला दुर्योधन’ अशी जोड्या लावायची सवय मुलांना पटकन लागते, आणि मग ती परत एक यादीच होते. सारखेपणापाशी थांबू नका, फरक कुठे पडतो ते विचारा. ॲकिलीजचं बघा. त्याच्या आईने, थेटिसने, त्याला स्टिक्स नदीत बुडवलं, टाच हातात धरली होती तेवढी कोरडी राहिली, तिथेच बाण लागला. गांधारीने दुर्योधनाकडे पाहिलं, मांडी झाकलेली होती तेवढी कच्ची राहिली, तिथेच गदा बसली. मुलं लगेच म्हणतील, सेम आहे मॅडम! मग गंमत सांगा: होमरच्या इलियडमध्ये टाचेची ही गोष्ट नाहीच, आणि ॲकिलीज त्या काव्यात मरतही नाही. नदीत बुडवण्याची कथा आपल्याला आज मिळते ती फार नंतरच्या, पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे. आणि गांधारीच्या नजरेने वज्र झालेला दुर्योधनही व्यासांच्या महाभारतात सापडत नाही, तो लोककथांनी आणि कीर्तनकारांनी आपल्याला दिला. दोन्हीकडे लोकांनी आपल्या वीराला नंतर एक कच्ची जागा जोडली. का जोडली असेल? आठवीच्या मुलांना यावर बोलता येतं, तुम्ही विचारा तर खरं. ‘ॲकिलीज हील’चं वाक्य शेवटी येईल. त्याआधी क्रिकेट बघणारा एखादा वेगवान गोलंदाजांच्या ॲकिलीज टेंडनच्या दुखापतीबद्दल सांगूनही मोकळा होईल.

आणखी एक: घरी ज्यांची रोज पूजा होते त्या देवांना वर्गात ‘मायथॉलॉजी’ म्हणायच्या भानगडीत पडू नका. त्या शब्दावरून मोठी माणसंही हमरीतुमरीवर येतात. ग्रीकांच्या त्या पुराणकथा, आपलं ते रामायण-महाभारत. एवढं पुरे.

अवघडलेपणाचं उत्तर सोपं आहे: झ्यूसची प्रकरणं वगळा. पळवापळवीच्या गोष्टी तुमच्या यादीत असतील तर त्यांच्याशिवाय काही अडत नाही. बारा ऑलिंपियन देवांची वंशावळ तर अजिबात काढायला लावू नका. अर्धं अवघडलेपण त्या वंशावळीतूनच येतं, कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा नवरा हे जुळवता जुळवता बाईच घामाघूम. पर्सेफनीची गोष्ट सांगायचीच असेल तर ती पिकांची देवी डिमिटर हिच्या बाजूने सांगा: हरवलेल्या लेकीला शोधत फिरणारी आई, तिने हात आखडता घेतला म्हणून ओस पडलेली शेतं, आणि लेक वर्षातून काही महिने माहेरी येते तेव्हा परत उगवणारं पीक. डिमिटरचंच रोमन नाव सेरीस, त्यावरून सिरीयल. सकाळी वाटीत दूध घालून खातात ते.

पँडोराने पेटी उघडली आणि सगळी संकटं जगभर पसरली, ती गोष्ट मात्र वगळू नका. तिथे वर्गातल्या मुलीच तुम्हाला अडवतील: सगळ्या जगाच्या दुःखाचं खापर एका बाईवर का? अडवू द्या. मूळ गोष्टीत पेटी नाहीच, मोठा रांजण आहे. सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये सांगताना रांजणाची पेटी केली आणि सगळ्या युरोपात तीच चालली. सगळी संकटं बाहेर पडल्यावर तळाशी आशा राहिली. ती आत राहिली हे चांगलं की वाईट, यावर वर्गाचे दोन गट पाडा आणि इंग्रजीत भांडायला लावा. तास संपल्याची घंटा ऐकू येणार नाही.

मला स्वतःला विचाराल तर नाशिकच्या वर्गात पहिला मान ॲराक्नीचा. लिडियातली विणकर पोरगी, बाप रंगारी. हात असा की बघायला रानातल्या देवता यायच्या. लोक म्हणत, हिला विणकामाची देवी अथीना हिनेच शिकवलं असणार. ती म्हणे, छे, माझं मी शिकले, हिंमत असेल तर अथीनाने समोर बसून विणावं. अथीना म्हातारीच्या वेषात समजवायला आली, पोरगी ऐकेना. मग दोन माग समोरासमोर लागले. अथीनाने देवांचा थाट विणला, ॲराक्नीने देवांची लफडी. आणि ऑव्हिड स्पष्ट सांगतो की तिच्या कामात अथीनालाही खोट काढता आली नाही. चिडून अथीनाने ते वस्त्र फाडलं आणि हातातला धोटा तिच्या कपाळावर हाणला. शेवटी तिची झाली कोळीण, अजून विणतेच आहे. (मधला गळफासाचा भाग आठवीत सांगू नका.)

येवला आपल्याच जिल्ह्यात. वर्गात एखाद्याचे मामा-काका मागावर बसणारे असतात. ताणा, बाणा, धोटा हे शब्द त्याच्याकडून येऊ द्या आणि इंग्रजी तुम्ही द्या: वार्प, वेफ्ट, शटल, लूम. पैठणीचा पदर विणताना एक धागा चुकला तर काय करतात, हे तो सांगेल तेव्हा बाईंनाही नवीन काहीतरी कळेल. मग प्रश्न टाका: चूक कोणाची? गर्विष्ठ पोरीची की हरणं सहन न झालेल्या देवीची? ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ वापरून चार वाक्यं लिहायची. आणि ॲराक्निड हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात भेटला की कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, हे वेगळं पाठ करावं लागणार नाही.

बाकीचे शब्द मुलांना रस्त्यावर शोधायला लावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा भोंगा म्हणजे सायरन, आणि ओडिसीतल्या सायरन गोड गळ्याच्या बायका, ज्यांचं गाणं ऐकता यावं पण जीव जाऊ नये म्हणून काव्याचा नायक ओडिसियसने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं. कर्कश यंत्राला हे नाव 1819 मध्ये एका फ्रेंच संशोधकाने दिलं, त्याचं यंत्र पाण्याखालीही वाजायचं म्हणून. कॉलेज रोडवरच्या क्लासेसच्या प्रत्येक फलकावर ‘मेंटॉर’ असतो. ओडिसीतला मेंटॉर हा ओडिसियसचा साधा म्हातारा मित्र, ओडिसियसच्या पोराला खरी दिशा देते ती त्याचं रूप घेऊन आलेली अथीना. (क्लासवाल्यांना सांगू नका.) दप्तरात ॲटलास असतो. त्यावर मात्र जपून: ॲटलसने खांद्यावर पृथ्वी घेतली नव्हती, आकाश घेतलं होतं, आणि नकाशाकार मर्केटरच्या नकाशासंग्रहाला 1595 मध्ये ते नाव मिळालं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटानियाचा त्याच नावाचा विद्वान राजा होता. कवटी तोलून धरणाऱ्या मानेच्या पहिल्या मणक्याला मात्र खांद्यावर आकाश घेणाऱ्याचंच नाव आहे.

या शोधाशोधीत मुलं फसव्या व्युत्पत्त्याही आणतील, व्हॉट्सॲपवर त्यांचा सुकाळ आहे. कुणीतरी टायटन घड्याळ घेऊन येईल आणि सांगेल, हे ग्रीक टायटनांवरून. कंपनीचं ते नाव टाटा इंडस्ट्रीज आणि तमिळनाडू यांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे. म्हणून नियम करा: जो शब्द आणेल त्याने डिक्शनरीत मूळ पाहून यायचं, नाहीतर फळ्यावर शब्द चढणार नाही.

राहिली चाचणी. तिथे जोड्या लावा ठेवलंत तर मुलं परत यादीकडेच धावतील, सगळी मेहनत पाण्यात. त्याऐवजी एक प्रसंग द्या आणि शब्द त्यांना निवडू द्या. ‘रामकुंडावर गर्दीत कुणीतरी ओरडलं, पूर आला! आणि लोक धावत सुटले. दोन इंग्रजी वाक्यांत लिहा.’ ‘तुमच्या संघातला सगळ्यात चांगला खेळाडू फक्त फिरकीपुढे गडबडतो. एका वाक्यात लिहा.’ शब्द न देता नुसता प्रसंग; पॅनिक आणि ॲकिलीज हील ज्याला आठवेल त्याला गुण. साठ वह्या तपासायला याने वेळ जास्त लागत नाही, दोन-तीन वाक्यं तर असतात. मुख्याध्यापिकांनी चाळीस शब्दांचं काय झालं विचारलं तर ही प्रश्नपत्रिका आणि मुलांची उत्तरं पुढे ठेवा. उरलेले शब्द पुस्तक वाचताना भेटतील तेव्हा समासात लिहून ठेवायला सांगा, त्यांची परीक्षा घेऊ नका.